किती हॉर्सपॉवर पुरेल? दोन आसनी हलक्या विमानासाठी कर्जतच्या बँकरचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे मूळचे नाशिकचे, सध्या कोलोरॅडोत डेन्व्हरच्या दक्षिणेला राहतात. गॅरेजमध्ये दोन आसनी विमानाचं किट बांधायला घेणार आहेत. भरल्या विमानाचं वजन 600 किलो. किटच्या पुस्तिकेत 80 ते 120 हॉर्सपॉवरची इंजिनं चालतील असं लिहिलंय. विक्रेता म्हणतो, शंभर भरपूर. हँगरचा शेजारी म्हणतो, एकशेवीसच्या खाली बघू नका. आणि घरून सूचना अशी की ऐंशीवालं स्वस्त आहे ना, मग तेच घ्या.

वहिनींचं म्हणणं तुम्ही अलिबागला राहत असता तर मी उचलून धरलं असतं. पण तुमचं सेंटेनियल विमानतळ समुद्रसपाटीपासून 5,885 फुटांवर आहे. आपलं कळसूबाई 5,400 फूट. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखराच्याही जवळजवळ पाचशे फूट वर तुमची धावपट्टी सुरू होते. शंभर की एकशेवीस या वादात तिघांपैकी कुणीच ही गोष्ट हिशेबात धरलेली दिसत नाही.

हॉर्सपॉवर किती, हा प्रश्नच मुळात अर्धा आहे. पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबते आणि मागून बँकर इंजिन लागतं, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलं असेल. मुंबईपासून कर्जतपर्यंत पुढच्या एका इंजिनाचं काही अडत नाही. बोरघाटात 1:37 चा चढ लागतो तेव्हा मात्र सपाटीवर लागणाऱ्या ताकदीच्या वर आणखी ताकद हवी असते, आणि ती बँकर पुरवतो. लोणावळ्याला तो सुटतो. विमानाचंही असंच आहे. सरळ, एका पातळीत उडायला लागणारी ताकद वेगळी आणि त्याहून वर उरणारी ताकद वेगळी. विमान चढतं ते फक्त या उरलेल्या ताकदीवर. फरक एवढाच की आपला बँकर लोणावळ्याला सोडून देता येत नाही. तो प्रवासभर नाकावर घेऊन हिंडावं लागतं, आणि त्याचं वजनही वाहावं लागतं.

आता आकडे घालू. कागदावरचे आहेत, पण अनुभवाशी जुळतात. 600 किलोचं विमान, 65 नॉटला (ताशी 120 किलोमीटर) चढतंय, त्या वेगाला घसरणीचं गुणोत्तर 9 धरा, म्हणजे इंजिन बंद केलं तर एक फूट खाली येताना नऊ फूट पुढे जाईल. ते नुसतं हवेत राखायला पंख्याकडून, म्हणजे नाकावरच्या प्रोपेलरकडून, साधारण 29 हॉर्सपॉवर लागतात. स्थिर पिचचा, म्हणजे उडताना पात्यांचा कोन न बदलणारा पंखा चढताना इंजिनाच्या ताकदीपैकी 65 टक्केच कामाला लावतो, बाकीची हवा घुसळण्यात जाते. म्हणजे 100 हॉर्सपॉवरच्या इंजिनातून 65 हाती येतात, त्यातून 29 वजा, उरले 36. या 36 वर विमान समुद्रसपाटीला मिनिटाला 900 फूट चढतं. 80 हॉर्सपॉवरच्या इंजिनातून 52 हाती येतात, 29 वजा, उरले 23. चढाई मिनिटाला 575 फूट. इंजिन पाचव्या हिश्शानं लहान केलं, चढाई मात्र एक तृतीयांशाहून जास्त गेली. तरीही 575 फूट काही वाईट नाही. 65 हॉर्सपॉवरची पायपर कब याहून कमी चढते आणि तिच्यावर एका पिढीनं उडायला शिकून घेतलं.

आता हेच विमान तुमच्याकडे आणू. जुलैची दुपार, पारा 30 वर. त्या उंचीवर प्रमाण तापमान साडेतीन अंशांच्या आसपास असायला हवं, म्हणजे हवा साडेसव्वीस अंशांनी जास्त गरम. दर अंशामागे 120 फूट मिळवायचे हा आमचा चालू हिशेब. त्यानं तुमची धावपट्टी विमानाच्या लेखी 9,000 फुटांवर गेली. यालाच डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या 76 टक्के, आणि टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारी यंत्रणा) नसलेल्या इंजिनाची ताकद त्याहूनही थोडी खाली, सुमारे 73 टक्के, कारण हवा विरळ झाली तरी इंजिनातलं घर्षण काही कमी होत नाही. वर विरळ हवेत तरंगत राहायला खरा वेग जास्त लागतो, म्हणून लागणारी ताकद 29 वरून 33 वर जाते.

शंभरवाल्याचे झाले 73, पंख्यातून हाती आले साडेसत्तेचाळीस, 33 वजा, उरले चौदा-साडेचौदा. चढाई मिनिटाला 350 फूट. ऐंशीवाल्याचे झाले 58, हाती 38, 33 वजा, उरले पाच. चढाई मिनिटाला 120 फूट. त्या एका मिनिटात विमान सव्वादोन किलोमीटर पुढे जातं आणि बारा मजली इमारतीएवढं वर येतं. धावपट्टीच्या टोकाला विजेच्या तारा असतील तर हा आकडा पोटात गोळा आणणारा आहे. आणि वाऱ्याचा एखादा खाली दाबणारा झोत आला, जे रॉकी पर्वताच्या पायथ्याशी दुपारी रोजचंच आहे, तर पाच हॉर्सपॉवरची शिल्लक कुठल्या कुठे जाते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. हा हलक्या विमानांचा वर्ग अमेरिकेत 2004 साली सुरू झाला तेव्हापासून मी ही विमानं उडवतोय आणि दुरुस्तही करतोय. पहिलं विमान इलिनॉयमध्ये घेतलं, जुनं, कापडी पंखांचं, 80 हॉर्सपॉवरचं. तिकडे जमीन समुद्रसपाटीपासून सात-आठशे फुटांवर. तीन वर्षं मजेत उडवलं. मग नोकरी कोलोरॅडोत आली, विमानही आलं. जुलैच्या एका दुपारी अडीच वाजता एका मित्राला शेजारी बसवून निघालो. चाकं सुटली. पण उंचीमापकाचा काटा काही हलेना. पश्चिमेला जमीन चढत जाते, आणि जमिनीच्या चढण्याचा वेग आमच्यापेक्षा थोडा जास्तच होता. मी हळूच, अगदी हलक्या हातानं, उताराच्या बाजूला वळवलं आणि साउथ प्लॅट नदीच्या पात्रावरून वीस मिनिटं फिरलो. जमिनीपासून चारशे फुटांच्या वर काही गेलो नाही. तेलाचं तापमान लाल रेघेला टेकलेलं. मित्राला वाटलं मी त्याला नदी दाखवतोय. त्याला खरं मी दोन वर्षांनी सांगितलं.

उतरल्यावर कळलं की चूक ऐंशीच्या आकड्याची एकट्याची नव्हती. आधीच्या मालकानं पंख्याचं पिच लांबच्या प्रवासासाठी जाडं करून ठेवलं होतं, आणि मी तीन वर्षांत ते तपासलं नव्हतं. चढताना इंजिन मिनिटाला 4,900 फेऱ्यांच्या वर जातच नव्हतं. या वर्गात 80 आणि 100 हॉर्सपॉवरच्या रूपांत मिळणाऱ्या रोटॅक्स 912 इंजिनाची पूर्ण ताकद 5,800 फेऱ्यांना मिळते, तीही पाच मिनिटांपुरती. सलग चालवायला 5,500. तुम्ही 100 हॉर्सपॉवरचं 912 यूएलएस घेतलंत आणि पंखा त्याला 5,000 फेऱ्यांवर अडवत असेल, तर तुमच्या हातात जेमतेम 90 आहेत. उरलेल्या दहांचे पैसे तुम्ही दिलेत, वापरायला मात्र मिळत नाहीत. म्हणून इंजिनाची निवड ही पंख्यासकटच करायची. जमिनीवर पिच बदलता येणारा पंखा घ्या आणि चढताना फेरे 5,400-5,500 पर्यंत जातील असा लावा. प्रवासात चार-पाच नॉट जातील. जाऊ द्या.

आता हँगरशेजाऱ्याचं एकशेवीस. त्याच्या मनात बहुधा जबिरू 3300 हे इंजिन आहे. सहा सिलिंडर, हवेनं थंड होणारं, गिअरबॉक्स नाही, ऐकायला फार गोड. चांगलं इंजिन आहे. पण त्याचे 120 हॉर्सपॉवर 3,300 फेऱ्यांना मिळतात आणि पंखा थेट क्रँकवर बसतो. एवढ्या फेऱ्यांना मोठा पंखा लावला तर त्याची टोकं आवाजाच्या वेगाकडे जायला लागतात, म्हणून पंखा लहान ठेवावा लागतो. आणि 65 नॉटला चढताना स्थिर पिचचा पंखा त्याला 3,300 पर्यंत जाऊही देत नाही. रोटॅक्स 5,800 फिरत असलं तरी 2.43 च्या गिअरमुळे त्याचा पंखा 2,400 च्या आतच फिरतो, त्यामुळे मोठा पंखा लावता येतो. मंद विमानाला भरपूर हवा सावकाश ढकलणारा मोठा पंखा मानवतो. म्हणून सावकाश चढणाऱ्या, जाड पंखांच्या विमानावर कागदावरचे 120 आणि कागदावरचे 100 यांच्यातलं अंतर प्रत्यक्षात वीस नसतं. चपळ, गुळगुळीत, 110 नॉटनं जाणाऱ्या विमानावर गोष्ट वेगळी. तुमचं किट कुठल्या जातीचं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही.

वेगासाठी म्हणून मोठं इंजिन घेणार असाल तर तो विचार सोडा. पातळीतल्या उड्डाणाला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. 100 वर 115 नॉट मिळत असतील तर 120 वर 122 मिळतील. सात नॉटसाठी वीस हॉर्सपॉवर, जास्त पेट्रोल आणि जास्त वजन.

आणि वजनाचंच सगळ्यात जास्त बघा. 600 किलोत रिकामं विमान 340 खातं, दोन माणसं 170, पाऊणशे लिटर पेट्रोल 54. उरले 36 किलो. त्यात रेडिओ, सीटच्या गाद्या, रंग, आणि पॅराशूट हवं असेल तर तेही. इंजिन 20 किलोनं जड घेतलंत आणि त्याची ताकद तेवढीच असेल, तर तुमच्या त्या नऊ हजार फुटांच्या दुपारी चढाईचा आठवा हिस्सा नुसत्या वजनानं गेला. सेस्नानं हा धडा जाहीरपणे गिरवलाय. त्यांच्या 162 स्कायकॅचर या दोन आसनी विमानाचा पहिला नमुना 2006 साली रोटॅक्स 912 वर उडाला. उत्पादनाला मात्र त्यांनी काँटिनेंटल ओ-200-डी निवडलं. ताकद तीच, 100. विमानशाळांच्या मेकॅनिकांच्या हाताला ते इंजिन ओळखीचं, हे त्याचं बळ. पण ते जड. रिकामं विमान 834 पौंडांवर गेलं, मर्यादा 1,320 ची, टाक्या भरल्या की माणसांना आणि सामानाला 340 पौंड, म्हणजे 155 किलो उरले. दोन धडधाकट अमेरिकन माणसांचा हा आकडा नव्हे. आपल्याकडची दिवाळीनंतरची जोडपीही त्यात बसतील असं छातीठोक सांगवत नाही.

याच्या उलट टोकाला कार्बन कब हे विमान. वजन 600 किलोच्या आत आणि इंजिन 180 हॉर्सपॉवरचं. पण ते 180 पाच मिनिटांपुरते, उड्डाणाला आणि चढायला, नंतर सलग 80. म्हणजे कर्जतचा बँकर लावला आणि लोणावळ्याला सोडला, वजन तेवढं सोबत राहिलं. त्यांनी ते जमवलं कारण बाकीचं विमान हरप्रकारे हलकं केलं. तुमच्या किटमध्ये हे जमणार नाही, आणि पुस्तिकेत 120 ची मर्यादा लिहिली असेल तर प्रयत्नही करू नका. ती मर्यादा इंजिन माउंट, फायरवॉल, गुरुत्वमध्य आणि शेपटीची पकड यांचा विचार करून ठरलेली असते. नाक जड झालं की उतरताना ते वर धरायला एलिव्हेटर (शेपटीची वरखाली हलणारी फळी) पुरत नाही, मग लोक बॅटरी शेपटीकडे नेतात, म्हणजे आणखी वायर, आणखी वजन.

इथे नव्या नियमांबद्दल एक. 22 ऑक्टोबर 2025 पासून अमेरिकेत स्पोर्ट पायलटला, म्हणजे हलक्या विमानांपुरता परवाना असलेल्याला, 600 किलोची मर्यादा राहिलेली नाही, आता 59 नॉटच्या स्टॉलचा (ज्या वेगाखाली पंख उचल देणं सोडतात) निकष आहे, आणि उडताना पिच बदलणारा पंखाही शिकून घेतल्यावर चालतो. पण नियम सैल झाला म्हणून तुमच्या विमानाचा स्पार, पंखातला मुख्य दांडा, जाड झालेला नाही. डिझायनरनं 600 लिहिलं असेल तर तुम्हाला 600 च.

पंखांविषयी कुणी तुम्हाला काही बोललेलं नाही, म्हणून सांगतो. चढताना वेग कमी असतो आणि तेव्हा ओढीचा मोठा भाग उचल निर्माण करण्यातूनच येतो. लांब पंख असले की तो भाग घटतो. पिपिस्ट्रेलचं व्हायरस एसडब्ल्यू 80 बघा, पंखांची लांबी पावणेअकरा मीटर, इंजिन 80 हॉर्सपॉवरचं. भारतानं 2015 साली हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी अशी 194 विमानं घ्यायचा करार केला, गरुड नावानं. पुण्यात मे महिन्यात 40 अंशांना लोहगावची 1,942 फुटांवरची धावपट्टी विमानाच्या लेखी 5,400 फुटांवर गेलेली असते, म्हणजे थेट कळसूबाईच्या माथ्यावर. तिथे लांब पंखांचं, हलकं, गुळगुळीत विमान 80 वर निभावून नेतं. आखूड जाड पंख, उघडी चाकं आणि दोऱ्या-टेकूंचं विमान त्याच 80 वर धापा टाकतं. किट अजून घेतलेलं नसेल तर वीस हॉर्सपॉवरसाठी भांडण्याआधी पंख लांब असलेलं किट बघा.

आता तुमच्यासाठी माझा कौल. 80 बाद. 912 ची 80 आणि 100 ही दोन रूपं वजनाला जवळजवळ सारखी आहेत, त्यामुळे वजन वाचवण्याचा मुद्दाही उरत नाही. ऐंशीवाल्याची एकच खरी बाजू म्हणजे ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल पचवतं. शंभरवाल्याला तुमच्याकडच्या पंपावरचं 91 लागतं, आणि कोलोरॅडोत साधं म्हणून जे विकतात ते 85 असतं. चुकून ते भरू नका. विमानतळावरचं शिशाचं 100 एलएल चालतं, पण मग तेल लवकर बदलावं लागतं आणि गिअरबॉक्समध्ये राखाडी चिखल साठतो. तो एकदा हातानं काढलात की पुन्हा पंपावरच जाल.

राहिलं 100 साधं की टर्बो. तुम्ही बहुतेक वेळा एकटे, सकाळी, पूर्वेच्या सपाट बाजूला उडणार असाल तर 912 यूएलएस किंवा इंजेक्शनचं 912 आयएस पुरे. एकटं माणूस आणि थोडं पेट्रोल, वजन 500 किलो, तर त्याच गरम दुपारीही चढाई दीडपटीच्या वर जाते. सकाळी सहा वाजता तर तुम्हाला इंजिनाबद्दल तक्रारच राहणार नाही. इंजेक्शनचं इंजिन उंचीनुसार मिश्रण स्वतः सांभाळतं, पेट्रोल कमी पितं, पण त्याला विजेची व्यवस्था चोख लागते. स्वतः वायरिंग करणाऱ्यांनी याचा नीट विचार करावा.

पण वहिनींना बसवून दुपारी पर्वतांच्या दिशेनं जायचं असेल, तर टर्बो. रोटॅक्सचंच टर्बोवालं 914 पाच मिनिटांसाठी 115 देतं आणि सलग 100, आणि हे आकडे समुद्रसपाटीचे नाहीत, 115 आठ हजार फुटांपर्यंत आणि 100 सोळा हजारांपर्यंत टिकतात. गरम हवेची थोडी घट धरूनही तुमच्या नऊ हजारांच्या दुपारी मिनिटाला सातशे फूट सहज मिळतील. साधं शंभरवालं तिथे साडेतीनशे देतं. वजन आठ-दहा किलो जास्त, किंमत बरीच जास्त, आणि गरम टर्बोभोवतीची प्रत्येक नळी, प्रत्येक क्लॅम्प दर वर्षी हातानं चाचपावा लागतो. पुढचं 915 आयएस 141 हॉर्सपॉवरचं, तुमच्या पुस्तिकेच्या मर्यादेबाहेर, त्याचा विषय संपला. 914 ची परवानगी मात्र किटवाल्याकडून लेखी घ्या, आणि विचारताना हेही विचारा की पुस्तिकेतली कमाल वेगमर्यादा वर गेल्यावर किती कमी धरायची. टर्बोमुळे वर खरा वेग वाढत जातो, वेगमापक मात्र कमीच दाखवतं, आणि पंखांचं फडफडणं खऱ्या वेगावर सुरू होतं.

लेडव्हिलला जायचं प्रत्येकाच्याच मनात असतं, उत्तर अमेरिकेतलं सर्वांत उंच विमानतळ, 9,934 फूट, उतरलात की प्रमाणपत्र देतात. तिथे 20 अंशांना डेन्सिटी अल्टिट्यूड जवळजवळ 12,900. वरचाच हिशेब लावला तर पूर्ण वजनाचं शंभरवालं मिनिटाला दीडशे फूटही चढत नाही. ऐंशीवाल्याचं उत्तर उणे येतं. उतरेल, निघणार नाही. ट्रेलर मागवावा लागेल.

विक्रेत्याच्या शंभर भरपूरवर एकच उपाय. त्याच्याकडचं विमान जुलैत दुपारी तीन वाजता मागा. दोन माणसं, टाक्या भरलेल्या. पुस्तिकेतली चढाई बहुधा समुद्रसपाटीची, प्रमाण तापमानाची असते, आणि आत कोण कोण बसलं होतं ते लिहिलेलं नसतं. तुमच्या धावपट्टीवरून निघा, उंचीमापक 7,000 वर आला की घड्याळ लावा आणि 8,000 ला बंद करा. किती मिनिटं लागली, चढताना फेरे किती होते, तेलाचं तापमान कुठे थांबलं, एवढं लिहून घ्या. तीन मिनिटांच्या वर लागली तर टर्बोचे पैसे जमवायला लागा. आणि सकाळचं देतो म्हणाला तर त्या दिवशी घरीच थांबा.